कचेरीतले दप्तर आणि बातमीदार

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘दप्तर’ हा शब्द आपल्या घरोघरी रोज उच्चारला जातो. मुलांच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि तहसील कचेरीच्या कपाटात असते तेही दप्तरच. पहिले रोज उघडते. दुसरे उघडावे म्हणून जे पत्रकार खटपट करतात, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. आपण समारंभात पुढाऱ्यांचा सत्कार करतो, गुणवंत विद्यार्थ्यांचाही करतो. पण कागद शोधून, तो ताडून पाहून मगच लेखणी उचलणाऱ्या बातमीदाराला शाल-श्रीफळ दिलेले मी तरी क्वचितच पाहिले आहे.

ताडून पाहणे का आवश्यक, याचे उदाहरण आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातच आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांविरुद्ध दिवाण माधवराव बर्वे यांनी कारस्थान रचल्याचे दाखवणारी काही पत्रे पुढे आली आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. 1882 साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघांची कळकळ खरी होती, त्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. कागद मात्र खोटा होता. आणि सरकारी दप्तरातला अस्सल कागद मागण्याचा हक्क त्या काळी कोणालाच नव्हता.

तो हक्क यायला फार वर्षे लागली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात 2002 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा कायदा अमलात आला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. पुण्याच्या ‘इंडियन एक्सप्रेस’मधील प्रकाश कर्दळे यांनी या कायद्यासाठी लेखणी तर झिजवलीच, पण वाचकांनी स्वतः अर्ज करावेत म्हणूनही ते झटले. 2007 साली त्यांचे निधन झाले. बातमी आपल्याकडेच राहावी असे वाटणाऱ्या या धंद्यात असा माणूस विरळा.

आता दोन उदाहरणे जरा सविस्तर सांगतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी शहीद झाले. त्या रात्री मदत कोणी मागितली, कोणाकडे आणि केव्हा? विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागितल्या. टाळाटाळ झाली, तरी त्या हटल्या नाहीत आणि नोंदी मिळवल्याच. त्या नोंदींच्या आधारे पत्रकार विनीता देशमुख यांच्यासह त्यांनी 2009 साली ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले. शोक एका घराचा होता, पण उत्तर सबंध मुंबईला हवे होते.

दुसरे उदाहरण पी. साईनाथ यांचे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचे मजकूर निरनिराळ्या वृत्तपत्रांत बातमीच्या रूपात आले, काही तर शब्दशः सारखे. साईनाथांनी ती पाने एका बाजूला ठेवली आणि उमेदवाराने दाखल केलेला निवडणूक खर्चाचा हिशोब दुसऱ्या बाजूला. वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये! प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेले. 2014 साली आयोगाने हिशोब नीट दिला नसल्याचे म्हटले, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. निकाल काहीही लागो, पत्रकाराने आपल्याच व्यवसायाचे माप काढले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

हे काम धोक्याचेही आहे. तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे व्यवहार उजेडात आणणारे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी खून झाला.

तुम्ही म्हणाल, मुंबई-पुण्याच्या या गोष्टींशी आमचा काय संबंध? पालकहो, नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस वालधुनी नदीत कोणीतरी रसायन ओतले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन इस्पितळात न्यावे लागले. नदीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल सरकारी दप्तरात असतात. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, ते तर सर्वांना आठवते. पण आयुष्याची पुंजी घालून सदनिका घेताना उल्हास नदीच्या पूररेषेचा नकाशा किती जण मागतात? इमारत मंजूर आहे की अनधिकृत, या एका प्रश्नाने उल्हासनगरातील किती कुटुंबांची झोप उडवली आहे! बिल्डरच्या रंगीत पत्रकापेक्षा कचेरीतला धुळकट नकाशा खरा, हे सांगणारा स्थानिक साप्ताहिकाचा बातमीदार त्या कुटुंबांचा हितचिंतकच नव्हे काय? आणि खात्री न करता मोबाईलवर मजकूर पुढे ढकलणारे आपण त्याच्यापुढे कोठे बसतो?

त्याची वाट सोपी राहिलेली नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले. नावे असलेला कागद आता मिळणे कठीण होईल, अशी पत्रकारांची तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते.

म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, म्हणून तो दिवस आपल्या राज्यात पत्रकार दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतून एक बातमीदार निवडावा. अट एकच: त्याच्या बातमीमागे दप्तरातील कागद असावा. भाषा मराठी असो, उर्दू, हिंदी वा सिंधी. मानपत्राऐवजी त्याने मिळवलेली प्रमाणित प्रत चौकटीत बसवून आपल्या वाचनालयात लावावी. नववी-दहावीच्या मुलांनी ती त्याच्यासमोर मोठ्याने वाचावी, आणि जावक क्रमांक कोठे असतो, तारीख कोठे, कचेरीचा शिक्का कोठे, हे त्याने मुलांना बोट ठेवून दाखवावे.