तळं बंद, शिकवणी चालू



न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग मेडोज नावाचं विस्तीर्ण उद्यान आहे. टेनिसवेड्यांना ते ठाऊक असतं, कारण अमेरिकन ओपन तिथेच रंगते. त्याच उद्यानात मेडो लेक हे तळं आहे. 1939च्या जागतिक प्रदर्शनासाठी दलदल उपसून हा सगळा परिसर उभा केला गेला, तेव्हाचं. 2002 साली अमांडा क्राउस या तरुणीने या तळ्यावर शाळकरी मुलींना रोइंग शिकवायला सुरुवात केली. संस्थेचं नाव रो न्यूयॉर्क. पुढे मुलगेही आले आणि काम मॅनहॅटनमध्ये हार्लेम नदीपर्यंत पोचलं.

रोइंग म्हणजे शर्यतीच्या नावा वल्हवण्याचा खेळ. आपल्या चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळने 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जी स्पर्धा खेळली, ती यातली एकेरी. अमेरिकेत हा खेळ वर्षानुवर्षं खासगी शाळांचा आणि बड्या विद्यापीठांचा राहिला. कारण सरळ आहे: आठ जणांची चांगली नवी नाव घ्यायची, तर रुपयांत हिशेब तीस लाखांच्या पुढे जातो. वर वल्ही, बोटहाऊस, प्रशिक्षक. क्वीन्समधल्या टॅक्सीचालकाच्या किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलीला हे कुठून परवडणार?

क्राउस यांच्या संस्थेने म्हणून वेगळी रीत ठेवली. फी घरच्या ऐपतीप्रमाणे. आधी पोहणं शिकायचं, मग नावेत पाय ठेवायचा. आणि सरावाच्या जोडीला अभ्यास: गृहपाठ, गणिताची शिकवणी, कॉलेज प्रवेशाचे अर्ज. शर्यत जिंकायचीच, पण मुलगी वेळेत शाळा पूर्ण करून कॉलेजात गेली का, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहायचं.

मग 2020 साल उजाडलं.

कोविडच्या साथीमुळे 16 मार्चपासून न्यूयॉर्कच्या सरकारी शाळा बंद झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस क्वीन्समधल्या एल्महर्स्ट रुग्णालयात एका दिवसात 13 जण दगावल्याची बातमी जगभर गेली. एल्महर्स्ट, कोरोना (हे वस्तीचंच नाव) आणि आपल्या लोकांना वाणसामान व साड्यांसाठी परिचित असलेलं जॅक्सन हाइट्स, या लगतच्या वस्त्या साथीच्या पहिल्या तडाख्यात सापडल्या. इथे दाटीवाटीने राहणारी माणसं घरी बसून काम करणाऱ्यांतली नव्हती. कुणी स्वयंपाकी, कुणी सफाई कामगार, कुणी घरपोच सामान देणारा. मेडो लेक ज्या उद्यानात आहे, तिथल्या टेनिस केंद्राच्या बंदिस्त कोर्टांवर तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं आणि शेजारच्या आर्मस्ट्राँग स्टेडियममध्ये जेवणाची पाकिटं भरली जाऊ लागली.

अशा वेळी रोइंग चालवायचं कसं? आठ जणांची नाव सुमारे 60 फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद. पुढच्या-मागच्या खेळाडूंत दीड मीटरसुद्धा अंतर नाही. सगळे धापा टाकतायत आणि सुकाणू धरणारा कॉक्स समोरच्याच्या तोंडासमोर बसून ओरडतोय. विषाणूला याहून सोयीची बैठक मिळणार नाही. निर्बंध सैल होऊ लागल्यावर ठिकठिकाणी आधी एकेरी नावेला मोकळीक मिळाली. पण एकेरी नाव अरुंद, चटकन उलटणारी. ती सरावलेल्या खेळाडूची. काल-परवा वल्हं हाती धरलेल्या मुलांना त्या नावेत एकटं कसं सोडणार? त्यातच शहरातले बहुतेक सार्वजनिक जलतरण तलाव त्या उन्हाळ्यात बंद, म्हणजे नव्या मुलांना पोहायला शिकवण्याची पायरीच निखळली. मोठे खासगी क्लब एकेरी नावांवर वेळ निभावू शकले. नवशिक्यांच्या संस्थांची मात्र खरी कोंडी झाली.

स्पर्धाही एकामागून एक गळाल्या. फिलाडेल्फियात 1927पासून भरणारी शालेय मुलांची स्टोट्सबरी कप शर्यत त्या वर्षी झाली नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यत रद्द झाली, हेन्लीची शर्यतही रद्द झाली. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं. बोस्टनच्या चार्ल्स नदीवरची प्रसिद्ध शर्यत ऑक्टोबरात दूरस्थ पद्धतीने झाली: आपापल्या पाण्यावर किंवा घरातल्या रोइंग मशीनवर सुमारे पावणेपाच किलोमीटर वल्हवायचं आणि वेळ कळवायची. कल्पना छान, पण त्यासाठी घरात मशीन हवं, आणि ते ठेवायला जागाही हवी.

रो न्यूयॉर्कने सराव आणि शिकवणी दोन्ही स्क्रीनवर आणली. सरावाचं रूप अर्थातच पालटलं. नाव नाही, पाणी नाही. उरला तो घरातल्या घरात करायचा व्यायाम. शिकवणीचं तसं झालं नाही. शिक्षक तेच, मुलं तीच, प्रवेश अर्जांच्या तारखा तशाच. उलट शाळाच स्क्रीनवर गेल्याने शिकवणीची गरज वाढली. न्यूयॉर्क शहराला त्या वसंतात मुलांना देण्यासाठी तीन लाख आयपॅडची तजवीज करावी लागली, यावरून किती घरांत अभ्यासाचं साधनच नव्हतं ते कळतं. आठवड्यातून ठरल्या वेळी आपलं नाव घेऊन विचारपूस करणारं एक मोठं माणूस पडद्यावर दिसणं, ही त्या महिन्यांत लहान गोष्ट नव्हती.

त्याच उन्हाळ्यात शिकागोच्या मॅनली शाळेची कथा अमेरिकाभर पोचली. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात शहराच्या पश्चिम भागातल्या, टोळीयुद्धांनी पोखरलेल्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलांनी तिथे रोइंगचा संघ उभारला होता. त्यातल्या अर्शे कूपर यांचं पुस्तक आणि मेरी मॅझिओ यांचा माहितीपट, दोन्ही 2020 साली आले. चित्रपटगृहं बंद असल्यामुळे माहितीपट लोकांनी घरीच पाहिला. हे मित्र वीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात आणि शिकागोच्या पोलिसांना आपल्यासोबत वल्हवायला बोलावतात, हे पडद्यावर दिसलं तेव्हा कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूला अवघे दोन महिने झाले होते. रोइंगची दारं कुणासाठी उघडी आहेत, हा प्रश्न मग मोठ्या क्लबांनाही टाळता येईना.

2020च्या अखेरीस अमांडा क्राउस यांची यूएस रोइंग या राष्ट्रीय संघटनेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक झाली. अठरा वर्षं संस्था सांभाळणारी व्यक्ती सर्वांत कठीण वर्षात बाहेर पडली आणि तरीही संस्था चालू राहिली. त्या वर्षात संस्थेला तारणारी कामं काही साथीच्या धांदलीत सुचलेली नव्हती. शिकवणी, प्रवेशाचं मार्गदर्शन, घरच्यांशी संपर्क, हे सगळं आधीपासून रोजच्या वेळापत्रकात होतं.

आपल्याकडे पुण्यात, नाशिकमध्ये रोइंग रुजलं आहे. खेळाच्या अशा एखाद्या संस्थेला श्रोत्यांपैकी कुणी मदत करत असेल, तर एवढंच सुचवावंसं वाटतं: नावेसाठी, किटसाठी, स्पर्धेच्या प्रवासासाठी पैसे जरूर द्या, पण संध्याकाळी त्याच मुलांना गणित शिकवणाऱ्या शिक्षकाच्या मानधनासाठीही थोडे बाजूला काढा.