नांदेड ते लातूर, येळवशीच्या दिवशी



नांदेड ते लातूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळच्या बुटीबोरीला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला आणि मोटारीतून हा अडीच-तीन तासांचा प्रवास झाला. काचा वर करायच्या, गाणी लावायची, मध्ये एक चहा घ्यायचा की आलं लातूर. मी मात्र या रस्त्याला अख्खा दिवस दिला, तोही मोटारसायकलवर, एकट्याने. दिवस मुद्दाम निवडला होता, मार्गशीर्षातली अमावास्या. लातूरकडे तिला वेळा अमावास्या म्हणतात, बोलताना येळवस. याच सुमाराला वाटेतल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरलेली असते. एकाच रस्त्यावर दोन उत्सव भेटतात, फक्त गाडी थांबवायची तयारी हवी.

सुरुवात नांदेडला, सचखंड गुरुद्वाऱ्यापासून केली. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली याच गावात देह ठेवला. पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात इथली वास्तू उभारली. पहाटे दर्शन घेतलं आणि लंगरच्या पंगतीत बसलो. तिथे कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. दोन्ही हात पुढे करायचे, रोटी पडते.

डिसेंबरातल्या मराठवाड्याच्या थंडीला मोटारसायकलवाल्याइतकं कुणी ओळखत नाही. जर्किनच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची, ही जुन्या गाडीवाल्यांची युक्ती आजही जॅकेटपेक्षा भारी पडते. गोदावरी ओलांडून विष्णुपुरीकडे निघालं की धरणाच्या पाण्यावरून येणारा गारठा हातमोज्यांतून बोटांपर्यंत पोचतो. इथेच रस्त्याला लागून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, १९९४ साली स्थापन झालेलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या या सेनानीचं नाव वाचूनच आपण लातूरच्या रस्त्याला लागतो.

ऊन वर आलं की रान दिसायला लागतं. सोयाबीन केव्हाच निघालेलं असतं. तूर शेंगांनी वाकलेली, ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यांच्या बेतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचा वास, उसाच्या चिपाडांचा वास, कुठे गोठ्यातल्या शेणाचा वास, हे सगळं नाकाला आळीपाळीने भेटत जातं. काच बंद असलेल्या मोटारीत यातलं काहीच येत नाही.

लोह्याहून कंधारचा रस्ता फुटतो. मी तिकडे वळलो. मन्याड नदीकाठचं हे गाव राष्ट्रकूटांच्या काळात नावारूपाला आलं. चहूबाजूंनी खंदक असलेला भुईकोट किल्ला इथे आहे. पण कंधारचं नाव देशभर गेलं ते जनावरांमुळे. लाल कंधारी ही गाय-बैलांची जात याच मुलखातली. गडद लाल रंग, कष्टाला चिवट. किल्ल्याच्या वाटेवर एक म्हातारबाबा अशीच बैलजोडी धुवायला घेऊन चालले होते. गाडी बंद करून उभा राहिलो तर म्हणाले, "बघा की, बघायला पैसे पडत न्हाईत." मग जोडीचं वय, दात, चाल सगळं सांगितलं. किंमत मात्र सांगितली नाही. विकायचीच नव्हती.

परत हमरस्त्याला लागून माळेगाव गाठलं. यात्रेच्या दिवसांत इथे गाडी चालवता येत नाही, ढकलावी लागते. भंडाऱ्याने हवा पिवळी झालेली असते. खंडोबाच्या या यात्रेत घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार भरतो, पशुप्रदर्शन होतं, कुस्त्यांचे फड रंगतात, लावणी महोत्सव होतो. एके काळी भटक्या जमातींच्या जातपंचायतीही इथेच बसत. घोड्यांच्या बाजारात एका व्यापाऱ्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मालक, हिला दिवसाला चारा किती लागतो?" मी लिटरचा हिशेब सांगितला. ते ऐकून त्याने आपल्या घोडीच्या पाठीवर समाधानाने थाप मारली.

अहमदपूर आलं की आपण लातूर जिल्ह्यात असतो, आणि येळवशीच्या दिवशी हे पाटी न वाचताही कळतं. दुकानांची शटर खाली. जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, पण ती न दिली तरी कचेरीत कोण सापडणार होतं? सगळं गाव रानात गेलेलं असतं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेलेही या दिवसासाठी गावी येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका-पोरं, मांडीवर टोपली, हातात आंबिलाचं मडकं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच पांडवांचे दगड मांडून पूजा होते, आणि मग जेवणं. हा सण लातूर-धाराशिवकडे आहे, तसाच सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीतही आहे.

चाकूरच्या अलीकडे एका फाट्यावर पाणी प्यायला थांबलो होतो. बांधावरून एका मावशींनी हाक मारली, "एकलेच हाव का? या जेवायला." मी आढेवेढे घेतले तर त्यांचे मालक म्हणाले, "येळवस हाय. जेवल्याबिगर कसं जाताव?" पुढच्या क्षणी मी कोपीसमोर बसलो होतो. तुरीचे ओले दाणे, वाल, पालेभाज्या आणि बेसन घालून रटरटवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेली आंबील. ती तीन पेले झाल्यावर नको म्हणायची सोय नसते.

जेवताना मालकांनी २०१६ चा उन्हाळा काढला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणलं होतं. "शहराला रेल्वे आली, आमच्या हिरीला कोन आनतंय?" ते म्हणाले आणि माझ्या पेल्यात आणखी आंबील ओतली.

एकट्याने फिरण्याचा खरा फायदा मला तिथे समजला. मोटारीतून पाच जण उतरले तर घरधनीण मनात भाकऱ्या मोजायला लागते. हेल्मेट काढून उभ्या असलेल्या एका माणसाला हाक मारताना तिला काही मोजावं लागत नाही. सकाळी गुरुद्वाऱ्यात, दुपारी रानात, दोन्हीकडे मी पाहुणा होतो तो एकटा होतो म्हणून. लोक एकट्याने प्रवास करण्याला धाडस म्हणतात. या रस्त्यावर तरी धाडस जेवायला घालणाऱ्याचं असतं. तो अनोळखी माणसाला आपल्या बांधावर घेतो.

संध्याकाळी लातूरच्या गंजगोलाईत पोचलो. १९१७ साली वसवलेली ही गोल बाजारपेठ, सोळा रस्ते येऊन मिळणारी. एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मी गाडी बिनधास्त मधोमध उभी केली.

श्रोतेहो, पुढच्या येळवशीला तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने निघणार असेल, तर दोन-तीन गोष्टी सांगतो. हेल्मेट घाला. अंधाराच्या आत मुक्काम गाठा, कारण हे गाळपाचे दिवस असतात आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याचा भरवसा नाही. दर तासाला एकदा तरी महामार्ग सोडा आणि फाट्यावर वळा. आणि डिकीत गुळाची एक ढेप ठेवा. कुणी जेवायला बोलावलं, तर रिकाम्या हाताने बांधावर जाऊ नका.