खिशातल्या यंत्रात शब्द शोधताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कवी माणसाला बोलायला बोलावले, की तो चार कविता ऐकवल्याशिवाय उठणार नाही, असा एक समज आहे. आज मी कविता ऐकवणार नाही. आज एका साध्या कामाबद्दल बोलायचे आहे. ते काम म्हणजे शोधणे. आपल्या मोबाईलच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक बारीकसे भिंग असते. त्यावर बोट ठेवायचे, शब्द लिहायचा, आणि यंत्राने तो कुठे कुठे आहे ते दाखवायचे. एवढेच काम. पण मराठीत लिहिणाऱ्या, त्यातही गावातून लिहिणाऱ्या माणसाला हे भिंग कधी कधी फार चकवते. का चकवते, ते पाहू.

मोबाईलला आपण फोन म्हणतो. खरे तर तो हातात मावणारा संगणक आहे. १९९६ साली अमेरिकेत पाम पायलट नावाचे असेच एक यंत्र आले. त्याच्यावरही भिंगाचे चित्र होते. ते दाबले की पत्ते, टिपणे, कामांच्या याद्या सगळीकडे एकदम शोध होई. मात्र शब्दाची सुरुवात जुळली तरच तो सापडे, मधला तुकडा सापडत नसे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मंडळी आणि एन्कोर कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर तयार केला. २००४ साली तो विक्रीला आला. सामान्य माणसाला स्वस्तात, आपल्या भाषेत संगणक मिळावा, अशी त्यामागची कल्पना होती. तो फारसा खपला नाही, पण ज्या गोष्टीचे स्वप्न त्यांनी पाहिले ती आज रोवणीला जाणाऱ्या बाईच्या कमरेच्या पिशवीतही असते.

आता शोध दोन प्रकारचा असतो, हे आधी समजून घेऊ. एक, फाईलच्या नावाचा. दुसरा, फाईलच्या आतल्या मजकुराचा. पुष्कळदा मोबाईलमधली फाईल शोधणारी सोय फक्त नाव पाहते, आत डोकावत नाही. आणि आपण नावे काय देतो? ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल पक्के’. पोत्यांवर चिठ्ठी न लावता धान कोठीत टाकावे आणि मग हलके कुठले, भारी कुठले म्हणून पोती फोडत बसावे, तसा हा प्रकार. नावात साल, गाव आणि विषय हे तीन शब्द घातले, तरी निम्मा शोध तिथेच संपतो.

आतल्या मजकुराचा शोध मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतो. माझ्या एका संग्रहाची अक्षरजुळणी २००३ साली एका छापखान्यात झाली. तो छापखाना पुढे बंद पडला. जाताना त्यांनी मजकुराची सीडी दिली. तिच्यातल्या फाईली मोबाईलवर घेतल्या, तर कवितांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. असा अनुभव महाराष्ट्रातल्या हजारो लिहिणाऱ्यांना आलेला आहे. याचे कारण असे, की त्या काळच्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये यंत्राच्या पोटात मराठी अक्षर नसेच. आत इंग्रजी अक्षर, वर मराठी अक्षराचा मुखवटा. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये लिहिला, तर आत ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात. फॉन्ट आहे तोवर ती मराठी दिसतात. फॉन्ट काढून घेतला, की मुखवटा गळून पडतो. मग भिंगात ‘मराठी’ लिहून कितीही शोधा, तिथे मराठी नाहीच, तर सापडणार काय?

मराठीला हे अगदीच नवे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. पोथ्या होत्या, पण किल्ली नव्हती. म्हणून शतकानुशतके पंथाबाहेरच्या माणसाला त्या वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली अभ्यासकांच्या हाती लागली आणि आद्य मराठी गद्य सर्वांसमोर आले. महानुभावांनी ते जाणूनबुजून केले होते. आपण नकळत केले, एवढाच फरक.

यावरची किल्ली म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात देवनागरी आहे. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘म’ हा जगातल्या कुठल्याही यंत्रात ‘म’च राहतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. ती वापरावीत, पण बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवला जाई. त्यांच्या जागा बदलताना गडबड होते, आणि ‘कविता’ची भलतीच गत होते.

समजा, सगळे युनिकोडमध्ये आले. तरी मराठीचा स्वतःचा एक पेच उरतोच. आपला शब्द एका रूपात थांबत नाही. ‘पाऊस’ शोधला तर ‘पावसात’ सापडत नाही, कारण ‘ऊ’ जाऊन ‘व’ आलेला असतो. ‘देऊळ’ लिहिले तर ‘देवळापाशी’ निसटते. ‘मूल’ दीर्घ, ‘मुलाला’ ऱ्हस्व. ‘माणूस’ लिहिला तर ‘माणसांची’ सगळी गर्दी बाहेरच राहते. शाळेत सामान्यरूप शिकताना कंटाळा यायचा. ते व्याकरण इथे उपयोगी पडते. शब्द पूर्ण लिहू नये, न बदलणारा तुकडा लिहावा. ‘माण’ एवढेच लिहिले, की माणूसही येतो, माणसेही येतात. सोबत माणिकही येईल. त्याला बाजूला ठेवायचे. ‘पाऊस’सारखा शब्द मात्र दोनदा शोधावा, एकदा ‘पाऊ’ आणि एकदा ‘पाव’.

अरबी भाषेच्या अभ्यासकांनी हा पेच फार पूर्वी सोडवला. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून निघतात. क, त, ब या मुळापासून किताब, लिहिणारा तो कातिब, आणि शिकण्याची जागा ती मकतब. कुरआनातील शब्दांची एक मोठी सूची जर्मन पंडित फ्ल्यूगेल याने १८४२ साली प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात इजिप्तच्या मुहम्मद फुआद अब्दुल बाकी यांनी केलेली सूची आजही वापरात आहे. तिची मांडणी मुळांप्रमाणे आहे. शब्द हवा असेल तर आधी त्याचे मूळ ओळखावे लागते. यंत्र नव्हते, पण शोधायचे कसे याचे शहाणपण होते. तेच आपल्यालाही लागते.

आणखी एक गंमत सांगतो. डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राच्या लेखी वेगळे असू शकतात. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एकात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते, दुसऱ्यात वेगळाच र असतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. आजही दोन्ही चालतात, आणि एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. आमच्या सौंदडचेच पाहा. गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावरही आहे. मराठीत आम्ही ‘सौंदड’ लिहितो. हिंदी लिहिणारा ड खाली टिंब देतो. इंग्रजीत कोणी एस-ए-यू लिहितो, कोणी एस-ओ-यू. गाव एकच, पण यंत्राच्या लेखी चार.

गावाचे ठीक आहे, गाव जागचे हलत नाही. माणसाच्या नावाचे काय? महंमद, महम्मद, मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद. ही एकाच नावाची पाच रूपे. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे, मतदारयादीत तिसरे. आडनावात पठाण आणि पठान. हे फक्त मुसलमानांपुरतेही नाही. मेश्राम, टेंभुर्णे, कोल्हे यांच्या इंग्रजी स्पेलिंगाच्याही अशाच तऱ्हा होतात. नाव यादीत असते, पण शोधात येत नाही, आणि समोरचा माणूस सांगतो, ‘तुमचे नाव नाही.’ ‘नाही’ आणि ‘सापडले नाही’ यात फार अंतर आहे. ते अंतर शोधणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. २०१८ साली निवडणूक आयोगाने संकेतस्थळावरच्या मतदारयाद्या शब्द शोधता येणाऱ्या स्वरूपाऐवजी चित्ररूपात देण्याचे ठरवले. मतदारांची माहिती कोणी घाऊक उचलू नये, असे कारण त्यामागे होते. शोधता येणारी यादी मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही. दोन्ही बाजूंना आपापली कारणे असतील. मला एवढेच दाखवायचे आहे, की शब्द शोधता येणे वा न येणे ही गोष्ट किती वरपर्यंत जाते.

आता थोडे चांगलेही सांगतो. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासूनचा. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत आणि मोबाईलवर उघडतात. छापील कोशात आपण शब्दावरून अर्थाकडे जातो. मजकुराच्या शोधात उलटे जाता येते. मोल्सवर्थच्या व्याख्यांमध्ये तांदळाचा इंग्रजी शब्द शोधला, की तांदळाशी नाते असलेले मराठी शब्द एकापाठोपाठ एक पुढे येतात. पूर्वी यासाठी सगळा कोश पानोपान वाचावा लागला असता. सौंदडच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला हे मिळते, याचे मला अजून नवल वाटते.

पण नेमके इथेच मनात एक काळजी उभी राहते, आणि तीच आज सांगायची होती. भिंग फक्त लिहिलेलेच शोधते, आणि जसे लिहिले तसेच शोधते. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ फारसे नांदत नाहीत. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. कोणी ‘डोळा’ शोधील, त्याला आमचा ‘डोरा’ कधीच दिसणार नाही. २०१७ साली गुगलने मराठीतून बोलून लिहिण्याची सोय दिली. उर्दूतही त्याच वेळी दिली. सोय उत्तम. पण बोलीतला शब्द उच्चारला, की यंत्र त्याला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात कोंबू पाहते. म्हणजे जो शब्द आधीच कमी लिहिला गेला, तो आणखी कमी सापडणार; आणि जो सापडत नाही, तो नव्हताच असे पुढचे लोक समजणार. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, तिच्या साहित्य संमेलनांसाठी झटले. एका माणसाने आयुष्य घालावे असे ते काम. त्यात आपली भर काय?

भर घालणे अवघड नाही. बांधी, बोडी, धुरा हे शब्द आपल्या तोंडात आहेत, तोवर ते लिहून ठेवावेत. दंडारीची गाणी, आजीच्या म्हणी, शेतकामाची नावे. वहीचा फोटो काढून थांबू नये. हातचे अक्षर यंत्राला दर वेळी नीट वाचता येईलच असे नाही आणि फोटोतला शब्द भिंगाला दिसेलच असे नाही. टंकित करावे, युनिकोडमध्ये करावे. बोलीतला शब्द बोलीतच लिहावा. तो सुधारून ‘शुद्ध’ करू नये. फक्त फाईलच्या पहिल्या ओळीत त्याचे प्रमाण मराठीतले रूपही लिहून ठेवावे. डोरा, डोळा. पानी, पाणी. एवढ्या एका ओळीने पुण्याचा किंवा परदेशचा शोधणारा आपल्या दारापर्यंत येऊ शकतो. सोबत गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. आणि त्या फाईलीची एक प्रत मोबाईलच्या बाहेर ठेवावी. मोबाईल पडतो, भिजतो, चोरीला जातो.

मी हे काम घरापासून सुरू केले आहे. २००३च्या त्या सीडीतल्या कविता बदलून झाल्या. आता रोज संध्याकाळी दहा-वीस शब्द वयस्क माणसांकडून विचारून लिहितो. एका शब्दावर दोन म्हाताऱ्यांचे एकमत होत नाही, तेव्हा दोघांचेही लिहितो. तुमच्या गावातही अशी माणसे असतील. या रविवारी त्यांच्यापाशी बसा, आणि मोबाईल खिशातून काढलाच, तर त्यात त्यांचे दहा शब्द लिहून घ्या.