मोतीबिंदू, काचबिंदू आणि कोंडलेले पाणी



या गोदाकाठी वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही ऐकलेल्या श्रोत्यांपुढे एका नेत्रवैद्याने काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आल्यापासून आम्हांस पडला होता. गाजर, पालेभाजी आणि पुरेसा उजेड यांवर तासभर बोलता येते. परंतु ते आपणांस पाठ आहे. म्हणून आम्ही एकच व्याधी घेतली आहे. मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या डोळ्यातील पाण्याची वाट बंद होते, तेव्हा काय करावे? विषय अरुंद आहे. पण या व्याधीत सगळा घोटाळा अरुंदपणाचाच असतो.

येथून हाकेच्या अंतरावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गोदेला पूर आला की नाशिककर एकमेकांस विचारतात, पाणी मारुतीच्या कोठवर आले? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? डोळ्यातही पाणी असते आणि तेही चढते. मात्र तेथे बाहेरून दिसेल असा मारुती नाही.

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर, हे आत. आपल्या डोळ्याला काळा, घारा, तपकिरी रंग देणारा जो पडदा, त्यास परितारिका म्हणतात. (लोक ज्याला ‘पडदा सरकला’ म्हणतात तो निराळा, डोळ्याच्या पाठीमागचा.) या परितारिकेच्या मागे हे पाणी झिरपते, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब भरावयास वीस-पंचवीस मिनिटे लागावीत इतके सावकाश. मधल्या छिद्रातून, म्हणजे बाहुलीतून, ते पुढच्या दालनात येते आणि जेथे परितारिका व डोळ्याची पुढची काच एकमेकींस भेटतात त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून निघून जाते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मोरी असावी तशी ही रचना आहे. आवक आणि जावक जमली, की डोळ्यातील दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या आसपास राहतो. मोरी तुंबली की दाब चढतो, आणि त्या दाबाने डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस सुकते. तो काचबिंदू. मोतीबिंदू म्हणजे परितारिकेच्या मागे बसलेले भिंग गढूळ होणे. नावे जुळ्या भावंडांसारखी, पण स्वभाव अगदी उलटे! मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी आजतागायत कोणास परत आणता आलेली नाही.

आता हे दोघे एकत्र कसे येतात ते पाहा. माणसाचे भिंग आयुष्यभर वाढत असते. तरुणपणी सुमारे चार मिलिमीटर जाड असलेले भिंग म्हातारपणी पाच मिलिमीटरांच्या घरात जाते. एका मिलिमीटराने काय होते, असे कोणी म्हणेल. पण त्याच्या पुढचे दालनच जेमतेम तीन मिलिमीटर खोल. आणि ज्यांचे डोळे मुळात लहान, त्यांचे अडीचच्याही आत. मोतीबिंदू होताना भिंग भिजलेल्या हरभऱ्यासारखे फुगते, परितारिकेला मागून पुढे रेटते, बाहुलीतून येणारी वाट आवळते आणि कोपऱ्यातील मोरीवर परितारिकेचाच बोळा बसतो. जाळीत दोष नसतो. तिच्या तोंडाशी अडथळा असतो. यास ‘बंद कोनाचा काचबिंदू’ म्हणतात. ज्यांना लहानपणापासून अधिक नंबरचा चष्मा आहे ते आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया यास अधिक बळी पडतात.

आपल्याकडच्या डोळ्यांविषयी आपल्याच प्रांतात झालेले एक काम येथे सांगितले पाहिजे. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेच्या वैद्यांनी २००६ ते २००८ या काळात त्या बाजूच्या आठ खेड्यांत जाऊन तीस वर्षांवरील ४७११ माणसांचे डोळे तपासले. डोळ्याची पुढून मागे सरासरी लांबी भरली २२.६ मिलिमीटर. युरोपीय ग्रंथांतून आम्ही जी साडेतेवीसच्या आसपासची लांबी शिकलो, तीहून ही कमी. खोली लहान आणि सामान तेवढेच, अशी ही स्थिती आहे.

हा झटका येतो तो बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, मंद उजेडात, कारण अंधारात बाहुली मोठी होते. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे कडे दिसते, डोळा लाल होतो, अर्धे डोके फुटू लागते आणि उलट्या होतात. उलट्या दिसल्या की घरचे म्हणतात, पित्त झाले! सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अधिमंथ नावाचा विकार वर्णिलेला आहे. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना आणि अर्ध्या डोक्यात कळ. तो हाच असावा, असे पुष्कळ जाणकार मानतात. ‘मंथ’ हा शब्द ज्याने योजला त्याने असा रोगी जवळून पाहिला असला पाहिजे.

निफाड तालुक्यातील एका आजींची हकीकत सांगतो. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कोणीतरी सांगितले होते, अजून कच्चा आहे, पिकू द्या. माघ-फाल्गुनात द्राक्षांची तोडणी. घरात माणसांची वर्दळ. तेव्हा आजींनीच ठरवले, हंगाम उरकला की डोळ्याचे बघू. एका रात्री डोके उठले, चार उलट्या झाल्या. घरच्यांनी पित्तावरचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा उजवा डोळा बोटाला गोटीसारखा टणक लागत होता आणि बाहुली अर्धवट उघडी राहून गोठली होती. हाताची बोटे किती, हे त्यांना सांगता येईना. टॉर्चचा उजेड कोणत्या बाजूने येतो एवढे कळत होते. ‘डॉक्टर, मोत्या पिकला वाटतं, आता काढा म्हणजे दिसेल,’ असे त्या म्हणाल्या. आम्हांस लगेच उत्तर देता आले नाही.

हे ‘पिकू द्या’ कोठून आले? ते अडाणीपणातून आलेले नाही. जुन्या पद्धतीत भिंग पक्व झाल्यावर ते स्वच्छ सुटे काढणे सोपे जाई. म्हणून आमच्याच व्यवसायातील वडीलधाऱ्यांनी हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला. पुढे १९६७ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी भिंग ध्वनिलहरींनी फोडून बारीक छेदातून शोषून घेण्याची युक्ती काढली. त्याच्या आधी, १९४९ साली, लंडनच्या हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले होते. या दोहोंनी पिकण्याची गरज संपवली. उलट फार पिकलेले भिंग कठीण होते व काढताना जास्त त्रास देते. सल्ल्याचे कारण गेले, सल्ला मात्र ओट्यावर बसून राहिला.

शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८५७ साली बर्लिनच्या फॉन ग्राफे यांनी परितारिकेचा एक तुकडा कापून पाण्याला आडवाट करून दिली, आणि या झटक्यातून डोळा वाचू शकतो हे जगास प्रथम दिसले. शंभराहून अधिक वर्षे तोच मार्ग होता. पुढे ते छिद्र लेसर किरणांनी, चाकू न लावता, पाच-दहा मिनिटांत पाडता येऊ लागले. उपाय चांगलाच आहे. पण छिद्र पाडल्याने मागून रेटणारे भिंग जागचे हलत नाही. तेव्हा प्रश्न आला : ज्याने दार लोटले, त्यालाच बाहेर का काढू नये?

हाँगकाँगच्या वैद्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात, झटका ओसरलेल्या ६२ रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटास लेसरचे छिद्र, दुसऱ्याचे भिंग लवकर काढले. दीड वर्षात पहिल्या गटात ४६.७ टक्क्यांचा दाब पुन्हा चढला, दुसऱ्यात ३.२ टक्क्यांचा. त्यानंतर २०१६ साली पाच देशांतील ३० रुग्णालयांत मिळून ४१९ रोग्यांवर केलेला अभ्यास आला. यांना तर मोतीबिंदू नव्हताच. भिंग स्वच्छ होते. तीन वर्षांनी लेसरवाल्यांपेक्षा भिंग काढलेल्यांपैकी बऱ्याच कमी जणांना दाबाचे थेंब घालावे लागत होते. त्या पाच देशांत भारत नव्हता, हे आम्ही विसरत नाही. आणि स्वच्छ भिंग काढावे की नाही यावर वैद्यांत अजून वाद चालतो. पण ज्याचे भिंग गढूळच झाले आहे, त्याच्याबाबत वादाला जागा फारशी उरत नाही. एका शस्त्रक्रियेत दृष्टीही उजळते आणि मोरीही मोकळी होते.

मात्र प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. बोळा वर्षानुवर्षे बसून राहिला, तर परितारिका जाळीला कायमची चिकटते. मग भिंग काढले तरी कोपरा पुरता उघडत नाही. थोडी चिकटण असल्यास ती त्याच वेळी हलकेच सोडवून पाहता येते. फार असल्यास, आणि नस बरीच सुकली असल्यास, पाण्यासाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागात नवी वाट कोरावी लागते. हे दोन्ही काम एकदम करावे की नुसते भिंग काढून वाट पाहावी, याची तुलनाही हाँगकाँगलाच झाली. दोन्ही एकदम केल्याने थेंब कमी लागतात, पण उपद्रवही अधिक होतात. म्हणून आम्ही रोगी पाहून ठरवतो. ज्याची नस बरी आहे, थेंब घालावयास घरात माणूस आहे आणि जो तपासणीस येत राहील, त्याचे आधी भिंग काढतो. ज्याची नस थोडीच उरली आहे, त्याच्याबाबत धीर धरण्याची चैन परवडत नाही. शिवाय लाल, तापलेल्या डोळ्यावर लगेच शस्त्र चालवणे धोक्याचे. आधी शिरेतून औषध देऊन, थेंब घालून दाब उतरवावा, लेसरने तात्पुरती वाट करावी, डोळा शांत झाला की भिंगाकडे वळावे.

आणि ज्यांचा कोन नुसता अरुंद आहे, दाब ठीक आहे, त्यांनी आजचे भाषण ऐकून उद्या दवाखान्यात गर्दी करण्याचे कारण नाही. चीनमधील ग्वांगझौ येथे अशा ८८९ जणांच्या एकाच डोळ्यावर लेसर करून दोन्ही डोळे सहा वर्षे पाहिले. लेसरचा फायदा झाला. पण न केलेल्या डोळ्यांपैकीही फारच थोडे बिघडले. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

आपण मोतीबिंदूसाठी जाल तेव्हा दोन गोष्टी विचाराव्या : डोळ्याचा दाब मोजला का, आणि कोपरा पाहिला का? कोपरा पाहण्यासाठी डोळा बधिर करून आरशाचे छोटे भिंग टेकवतात, दुखत नाही. बाहुली मोठी करण्याचे औषध घालण्याआधी हे झालेले बरे, कारण अरुंद कोनाच्या डोळ्यात त्या औषधानेही झटका येऊ शकतो. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, गावोगाव शिबिरे झाली, लाखोंना पुन्हा दिसू लागले. त्यातूनच एक भोळा विश्वासही रुजला, की अंधुक दिसणे म्हणजे मोतीबिंदू आणि काढला की दिसणारच. शिबिराच्या रांगेत ज्याची नस आधीच गेली आहे असा एखादा असतो, आणि पट्टी सोडल्यावर तो वैद्याकडे ज्या नजरेने पाहतो ती आम्ही पाहिली आहे.

आजींच्या उजव्या डोळ्याचा दाब उतरला, भिंगही काढले. वेदना गेली, दृष्टी आली नाही. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता आणि कोन तितकाच अरुंद होता. त्यास लेसर केले आणि तीन आठवड्यांनी, न पिकलेले भिंग काढले. पट्टी सोडली तेव्हा त्यांनी प्रथम आपल्या हाताकडे पाहिले, मग सुनेकडे. ‘तू वाळलीस गं,’ म्हणाल्या. पुढच्या तपासणीला त्या एक पाटी द्राक्षे घेऊन आल्या आणि कोणता घड कोणत्या जातीचा, हे लांबूनच बोट दाखवून आम्हांस सांगू लागल्या.