बॅरोन मैदानात आली, पुढे काय? मोठ्या बॉस कार्डाची किंमत मोजताना

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात एकच कार्ड घेणार आहे. यू-गी-ओ खेळणाऱ्यांना नाव सांगायची गरज नाही, पण जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते: बॅरोन द फ्लर. नाव फ्रेंच आहे, आणि उच्चारावरून आपल्या ग्रुपमध्ये इतकी भांडणं झालीत की मी सरळ 'बॅरोन' म्हणणार आहे. पटलं नाही तर कमेंटमध्ये रागवा.

आधी कार्ड नीट वाचूया. लेव्हल १० ची सिंक्रो मॉन्स्टर, ॲटॅक ३०००, डिफेन्स २४००. आणायला एक ट्यूनर आणि एक किंवा जास्त नॉन-ट्यूनर लागतात, लेव्हलची बेरीज १० झाली पाहिजे. नावाची, जातीची, रंगाची काहीच अट नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इफेक्ट तीन. पहिला: टर्नमध्ये एकदा मैदानावरचं कुठलंही एक कार्ड टार्गेट करून फोडायचं. दुसरा: ती मैदानावर उघडी असेपर्यंत एकदाच, समोरच्याने कुठलंही कार्ड किंवा इफेक्ट ॲक्टिव्हेट केला की तो निगेट करून नष्ट करायचा. तिसरा: स्टँडबाय फेजला बॅरोनला एक्स्ट्रा डेकमध्ये परत पाठवायचं आणि आपल्या ग्रेव्हयार्डमधली लेव्हल ९ किंवा त्याखालची एक मॉन्स्टर परत आणायची.

हे वाचून कुणाचेही डोळे चमकतील. फोडते पण, थांबवते पण, गेली तर मागे काहीतरी ठेवून जाते. पण कार्डवर लिहिलंय ते आणि कार्डाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्लू-आईज अल्टिमेट ड्रॅगन आठवा. ॲटॅक ४५००. लहानपणी हा आकडा बघितला की वाटायचं, संपलं, याच्यापुढे काही नाही. पण त्याचा हिशोब मांडा. तीन ब्लू-आईज आणि वर पॉलिमरायझेशन, म्हणजे चार कार्डं खर्च. सुरुवातीला हातात येतात पाच. चार कार्डं घालून जे मैदानात आलं त्याला एकही इफेक्ट नाही. समोरच्याने रायगेकी टाकलं, एक कार्ड, की तुमची चार गेली. बॉस मोठा होता, सौदा वाईट होता.

म्हणून मी कुठलाही बॉस बघताना ॲटॅक सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते, इथपर्यंत पोचायला खर्च किती आला.

बॅरोनचा खर्च डेकवर अवलंबून आहे. सोर्डसोल घ्या. लाँगयुआन नावाची लेव्हल ६ ची मॉन्स्टर आहे. हातातलं दुसरं एक सोर्डसोल कार्ड किंवा वर्म जातीची मॉन्स्टर टाकून द्यायची, की लाँगयुआन स्वतः मैदानात येते आणि सोबत लेव्हल ४ चं ट्यूनर टोकन आणते. सहा आणि चार, दहा. आली बॅरोन. वर लाँगयुआन सिंक्रोसाठी ग्रेव्हयार्डमध्ये गेली म्हणून समोरच्याला १२०० डॅमेज फुकट. म्हणजे हातातली दोन कार्डं, आणि त्या टर्नची नॉर्मल समन अजून शिल्लक. याला म्हणतात स्वस्त.

आता इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या हिशोबात येत नाही. दोन कार्डं घालून आलेली बॅरोन समोरच्याचं थांबवते किती? एक. फक्त एक. तुम्ही पहिले खेळलात तर समोरचा पाच आणि ड्रॉचं एक अशा सहा कार्डांनी सुरू करतो. एक थांबलं, पाच उरली. आजच्या बहुतेक डेकला पाच कार्डं म्हणजे पूर्ण जेवण आहे राव. एकट्या बॅरोनवर टर्न संपवून 'आता कर काय करायचं ते' म्हणत बसलात, तर तो करतो. आरामात करतो.

बॅरोन भारी ठरते ती दुसरं काहीतरी सोबत असताना. तुमच्या हातात अ‍ॅश ब्लॉसम आहे, मागे एक ट्रॅप आहे, आणि पुढे बॅरोन. मग समोरच्याला कळत नाही की आमिष कुणाला दाखवायचं. ती एकटी असली की तो सरळ आपलं दुय्यम कार्ड आधी टाकतो, तुम्ही घाईत निगेट करता, आणि खरं कार्ड मागून येतं. फोनवर तर हे हमखास होतं. स्क्रीनवर 'ॲक्टिव्हेट करायचं का' असं विचारलं की आपला अंगठा आपोआप 'हो'वर जातो. त्यात पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरणार असली, नेटवर्क जायची भीती असली, की बघायलाच नको. थोडं थांबा. समोरच्याने टाकलेलं कार्ड थांबवलं नाही तर तो पुढे काय करेल, आणि ते तुम्हाला परवडणार आहे का, एवढं मनात विचारा. परवडत असेल तर जाऊ द्या.

निबिरूचं बोलायलाच हवं, कारण बॅरोनची निम्मी किंमत मला तिथे दिसते. निबिरू हातातून येते. तुम्ही एका टर्नमध्ये पाच किंवा जास्त मॉन्स्टर समन केल्या असतील, तर मेन फेजमध्ये ती मैदानावरच्या सगळ्या उघड्या मॉन्स्टर गिळून टाकते आणि तुमच्याकडे एक टोकन ठेवते. दहा मिनिटं रचलेला कॉम्बो, आणि हातात टोकन. पण पाचवी समन व्हायच्या आत, किंवा पाचवी समन म्हणूनच, बॅरोन आली असेल तर? निबिरू हा ॲक्टिव्हेट होणारा इफेक्ट आहे, त्यामुळे बॅरोन तो थांबवू शकते. म्हणून मुरलेले खेळाडू कॉम्बोचा क्रमच असा लावतात की बॅरोन चौथ्या-पाचव्या नंबरला यावी. तीच बॅरोन आठव्या नंबरला आणलीत तर शेवटी मैदान तेच दिसेल, स्क्रीनशॉट तोच येईल, पण मधल्या तीन समन तुम्ही उघड्यावर खेळलात. व्हिडिओ बघून कॉम्बो पाठ करणाऱ्यांनी हे जरूर बघा: शेवटचं मैदान बघू नका, समन मोजा.

आता ती पडते कशी? बॅरोनला अंगचं संरक्षण काहीच नाही. टार्गेट होते, फुटते, सगळं होतं. तिचा निगेट हीच तिची ढाल, आणि ती एकदा वापरली की संपली. शिवाय काही गोष्टींना ढालही चालत नाही. कायजू बघा. गेमसिएल नावाचं कासव समोरचा तुमच्याच मैदानात पाठवतो, आणि त्यासाठी बळी तुमच्या बॅरोनचा देतो. हे इफेक्ट ॲक्टिव्हेट करणं नाही, समन करण्याची पद्धत आहे, म्हणून निगेट करायला काही हाती लागतच नाही. बॅरोन गेली, ३००० च्या जागी २२०० चं कासव बसलं. डार्क रूलर नो मोरची तऱ्हा वेगळी. ते टाकल्यावर उत्तरादाखल तुम्हाला मॉन्स्टर इफेक्ट वापरताच येत नाही, आणि टर्नपुरते तुमच्या सगळ्या उघड्या मॉन्स्टरचे इफेक्ट बंद.

याच्या उलट टोकाला रेड-आईज डार्क ड्रॅगून. त्याला कार्डच्या इफेक्टने टार्गेट करता येत नाही, नष्टही करता येत नाही, आणि हातातलं एक कार्ड टाकून तो निगेट करतो. कागदावर बॅरोनपेक्षा दणकट. पण तो सगळ्यांच्या डेकमध्ये घुसला त्यामागे त्याचा दणकटपणा कमी आणि रस्ता जास्त होता. व्हर्टे ॲनाकोंडा नावाची लिंक मॉन्स्टर कुठल्याही दोन इफेक्ट मॉन्स्टरमधून बनायची, २००० लाइफ पॉइंट भरून डेकमधलं रेड-आईज फ्युजन ग्रेव्हयार्डमध्ये टाकायची आणि त्याचंच काम करायची. म्हणजे फ्युजनचं सामानसुद्धा थेट डेकमधून. फुकटच की! तसं फुकटही नाही. त्यासाठी डार्क मॅजिशियन, एक ड्रॅगन आणि ते फ्युजन डेकमध्ये भरून ठेवावं लागायचं. यातलं एखादं सुरुवातीच्या पाचात हातात आलं की झालं, हातात दगड. चार कार्डांवर डाव खेळा. बॉसच्या किमतीत हे दगडही धरायचे असतात, आणि ते कुठल्याच कार्डवर लिहिलेले नसतात.

बॅरोनसाठी असा एकही दगड डेकमध्ये भरावा लागत नाही. एक्स्ट्रा डेकच्या पंधरातली फक्त एक जागा. माझ्या मते तिची खरी ताकद निगेटपेक्षा इथे आहे, की ती कुणाचीही आहे. आणि तिच्या नशिबी जे आलं तेही यामुळेच. टीसीजीच्या यादीत, म्हणजे अमेरिका-युरोपात चालणाऱ्या कागदी खेळात, २०२४ च्या एप्रिलमध्ये तिच्यावर बंदी आली. त्याच यादीत बोरेलोड सॅव्हेज ड्रॅगनही गेला, तोही असाच कुणाच्याही डेकमध्ये बसणारा सिंक्रो. प्रत्येक डेकचा शेवट एकाच मॉन्स्टरवर होऊ लागला की नवीन डेक बनवण्यात मजा काय उरते? मला ती बंदी पटली. बॅरोन आवडत असूनही पटली.

ब्लॅक लस्टर सोल्जर, एन्व्हॉय ऑफ द बिगिनिंग, त्याचंही उदाहरण देते. टीसीजीमध्ये २००४ ला आला. ग्रेव्हयार्डमधली एक लाइट आणि एक डार्क मॉन्स्टर बॅनिश करायची, म्हणजे वापरून झालेलं सामान, आणि हा ३००० चा गडी हातातून थेट मैदानात. एक मॉन्स्टर बॅनिश करणार, नाहीतर लढाईत एकीला मारून लगेच दुसरा हल्ला करणार. त्या काळात याला उत्तर मिळणं कठीण होतं. कित्येक वर्षं तो बंदीच्या यादीत होता. आज बंदी नाही, आणि डेकमध्ये घालणारे शोधावे लागतात. त्याचं मूळ काम तेच आहे. बाकी सगळे पुढे निघून गेले. तो समोरच्याच्या टर्नमध्ये काही करत नाही, आणि आताचा खेळ निम्मा समोरच्याच्याच टर्नमध्ये होतो.

आता एका श्रोत्याचा मेसेज, आणि हा मला मनापासून आवडला कारण यात खरेखुरे पॉइंट पणाला लागलेत. मास्टर ड्युएल खेळतो, गेममध्ये पैसे घालत नाही, डेक ब्लू-आईजचा. विचारतो, 'ताई, तीन यूआर मोडून बॅरोन बनवू का?' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साधं यूआर मोडलं की १० पॉइंट मिळतात, नवीन बनवायला ३० लागतात. म्हणजे तीन कार्डांचा जीव घेऊन एक. पैसे न घालणाऱ्यासाठी ही छोटी रक्कम नाही.

मित्रा, आधी बेरीज कर. ब्लू-आईज लेव्हल ८. तुझे ट्यूनर कोणते? सेज विथ आईज ऑफ ब्लू, लेव्हल १. व्हाइट स्टोन ऑफ एन्शंट्स, लेव्हल १. मेडन, लेव्हल १. आठ आणि एक, नऊ. दोन ट्यूनर घालून दहा करीन म्हणशील, तर कार्डवर 'एक ट्यूनर' लिहिलंय. म्हणजे तुझा डेक नऊवर अगदी सहज पोचतो आणि दहावर पोचायला त्याला वाकडी वाट करावी लागते. लेव्हल २ चा एखादा ट्यूनर फक्त बॅरोनसाठी घालशील, तर तो तुझा दगड झाला. उलट नऊवर तुझ्याच घरचा ब्लू-आईज स्पिरिट ड्रॅगन आहे. तो असेपर्यंत कुणालाच एकाच वेळी दोन मॉन्स्टर स्पेशल समन करता येत नाहीत, टर्नमध्ये एकदा ग्रेव्हयार्डमधला इफेक्ट निगेट होतो, आणि समोरचा त्याला उडवायला आला तर स्वतःचा बळी देऊन तो दुसरा लाइट ड्रॅगन सिंक्रो बोलावतो. हा तुझ्याकडे नसेल तर पॉइंट तिकडे घाल. बॅरोनसाठी तीन कार्डं मोडू नकोस.

हाच प्रश्न सोर्डसोलवाल्याने विचारला असता तर मी 'हो' म्हटलं असतं, पण तिथेही लगेच नाही. त्यांच्याकडे चेंगयिंग आहे, तीही लेव्हल १०, त्याच सामानातून येणारी. इफेक्टने फुटायची वेळ आली तर ग्रेव्हयार्डमधलं एक कार्ड बॅनिश करून वाचते, म्हणजे बॅरोनकडे नाही ते संरक्षण तिच्याकडे आहे. लांबलेल्या डावात मी चेंगयिंग आणते. पहिल्या टर्नला, समोर कुठला डेक आहे ते माहीत नसताना, बॅरोन. मास्टर ड्युएलच्या रँक्डमध्ये एकच डाव असतो, साइड डेक नाही, त्यामुळे 'कुठलंही कार्ड थांबवते' या शब्दांना तिथे जास्त वजन आहे.

तिसऱ्या इफेक्टबद्दल एक छोटी गोष्ट राहिली. निगेट वापरून झालेली बॅरोन बहुतेक जण पुतळ्यासारखी उभी ठेवतात. आपल्या स्टँडबायला तिला परत पाठवा, ग्रेव्हयार्डमधली मॉन्स्टर आणा आणि जमत असेल तर पुन्हा सिंक्रो करून तीच बॅरोन नव्याने आणा. मैदान सोडून परत आली म्हणजे निगेटही नवा. फक्त स्टँडबायला ॲप तुम्हाला विचारेल याची खात्री करा. ड्युएलमधलं ते टॉगल बटण 'ऑफ'वर राहिलं असेल तर संधी विचारल्याशिवायच निघून जाते.

आणि हो, मास्टर ड्युएलची बंदीची यादी कागदी खेळापेक्षा वेगळी असते आणि बदलत राहते. ३० पॉइंट दाबायच्या आधी ॲपमध्ये आजची यादी उघडून बघा. पुढच्या भागात अ‍ॅश ब्लॉसम नेमकी कुठल्या कार्डावर टाकायची यावर बोलू. तुमचे फसलेले डाव पाठवा, रिप्लेसकट. चला, भेटू.