खारं शेत, नवं बी आणि रानभात

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपाटासाठी ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ हे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले. जनुकीय बदल केलेल्या एकाही तृणधान्याला भारतात लागवडीची परवानगी नाही. पण मे 2025 मध्ये ‘पुसा डीएसटी राईस 1’ हा जनुक-संपादित वाण जाहीर झाला. क्षार आणि दुष्काळ सोसणारा. त्यात परका जनुक नाही, म्हणून 2022 च्या नियमांनी त्याला जनुकीय बदलाच्या पिकांवरच्या कडक तपासणीतून मोठी सूट मिळाली.

या नव्या वाणाबाबत माझी चिंता बांधाजवळच्या रानभाताची, म्हणजे भातात उगवणाऱ्या तणाची आहे. रोपावस्थेत ते भातासारखंच दिसतं, बेणणीत ओळखू येत नाही. लोंबीला लांब कुसळं येतात तेव्हा कळतं, आणि कापणीआधीच दाणे गळून चिखलात रुजतात. भात बहुतांशी स्वपरागी, परागही काही मिनिटंच जगतो. तरी शेजारी एकाच वेळी फुलोरा आला, तर थोडा संकर होतोच. क्षार सोसण्याचा गुण त्या तणात उतरला, तर खाऱ्या जमिनीत त्याला आवरणार कोण? जनुक परका असो वा घरचा, वारा भेद करत नाही. म्हणून ही सूट मला घाईची वाटते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नवं बी पेरण्याआधी त्याचं मूळ विचारा, रानभात फुलण्याआधी शेतातून काढा आणि खारेपाटातल्या जुन्या ‘राता’ भाताचं बी वेगळं जपून ठेवा.