लक्ष्मणाची जाग, ऊर्मिलेची झोप



झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर चिरगाँव येतं. कवी मैथिलीशरण गुप्त यांचं हे गाव. १८८६ साली ते इथेच जन्मले. रामकथेत जिच्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही, त्या ऊर्मिलेला त्यांनी ‘साकेत’ या महाकाव्यात पुढे आणलं. त्यांची ऊर्मिला चौदा वर्षं विरहात तळमळते. तेलुगू बायकांच्या गाण्यांत मात्र ती निराळीच भेटते. तिथे लक्ष्मण पहाऱ्यासाठी जागा राहतो आणि त्याच्या वाटणीची झोप ऊर्मिला अयोध्येत झोपून काढते. चौदा वर्षं!

मला या गाण्यातला हिशेब आवडतो. एक जागा, म्हणून दुसरी झोपलेली. आपण समजतो, दिवसभर राबून मेंदू दमला की बंद पडतो, तीच झोप. तसं नाही. झोपवणाऱ्या पेशी वेगळ्या, जागं ठेवणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींनाही आपापल्या वेळी काम असतं.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते व्हिएन्नाच्या कॉन्स्टांटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरांनी. १९१७ च्या सुमारास युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. बरेच रोगी घास तोंडात असताना झोपी जायचे. काहींचं मात्र उलट. त्यांचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. मृतांचे मेंदू तपासल्यावर एकोनोमोंना दिसलं, की इजा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या आसपासच आहे. झोपाळूंची मागच्या बाजूला, जागणाऱ्यांची पुढच्या. ना स्कॅन, ना रसायनांची माहिती. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर त्यांनी एवढं गाठलं.

पुढच्या बाजूला कोण बसलंय, ते कळायला १९९६ उजाडलं. तिथल्या पेशींचा एक लहानसा पुंजका झोपेत काम करतो. गाबा आणि गॅलॅनिन ही दोन रसायनं सोडून तो जागेपणाच्या केंद्रांना गप्प करतो. ती केंद्रं जोरात असली की उलट याचा गळा धरतात. हार्वर्डच्या क्लिफर्ड सेपर यांनी याला दिव्याच्या बटणाची उपमा दिली. बटण इकडे तरी पडतं नाहीतर तिकडे, मधे रेंगाळत नाही. म्हणून तर आपण अर्धा दिवस अर्धवट झोपेत काढत नाही. निदान काढू नये अशी सोय आहे. सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात बसलेल्यांचं मी बोलत नाही.

यातलं गॅलॅनिन हे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. गाबासारखी रसायनं क्षणात काम करून मोकळी होतात. पेप्टाइडं सावकाश येतात, दूरवर पसरतात आणि रेंगाळतात. मेंदूचा नुसता एखादा हुकूम नव्हे, त्याची तासन्‌तासची अवस्था बदलायची असेल तर असंच काहीतरी हवं.

आता जागेपणाच्या बाजूचा खरा कारभारी. १९९८ साली अमेरिकेतल्या दोन गटांना एकमेकांना नकळत तेच पेप्टाइड सापडलं. एकाने त्याला हायपोक्रेटिन म्हटलं. दुसऱ्याने, म्हणजे ताकेशी साकुराई आणि मासाशी यानागिसावा यांनी, ओरेक्सिन. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या फार तर ७०-८० हजार. पण त्यांचे धागे मेंदूभर गेलेले असतात आणि बटण जागेपणाकडे दाबून धरायचं काम त्यांचं.

दाबून धरणारं कुणी नसलं की काय होतं? स्टॅनफर्डला डॉबरमन कुत्र्यांचं एक घराणंच सांभाळलेलं होतं. खाऊ समोर दिसला, कुत्रं हरखलं, धावलं, की मागचे पाय लुळे पडून जमिनीवर कोसळायचं. शुद्धीत, डोळे उघडे, पण अंगात ताकद नाही. मिनिटभराने उठून पुन्हा खाऊकडे. १९९९ मध्ये तिथल्या एमान्युएल मिन्यो यांना त्याचं कारण सापडलं: ओरेक्सिनचा संदेश झेलणारा रिसेप्टरच बिघडलेला. पुढच्याच वर्षी हाच आजार, म्हणजे नार्कोलेप्सी, असलेल्या मृत माणसांचे मेंदू पाहिले, तर ओरेक्सिनच्या बहुतेक पेशी नाहीशा झालेल्या. शरीराची प्रतिकारशक्तीच त्या मारते, असं आज मानतात.

या माणसांना आपल्याकडे सर्रास ‘कुंभकर्ण’ म्हणून चिडवतात. ते क्रूर तर आहेच, शिवाय चूक आहे. चोवीस तासांचा हिशेब केला तर हा रोगी तुमच्या-आमच्यापेक्षा फारसा जास्त झोपत नाही. त्याचं बटण सैल झालेलं असतं. दिवसा बोलता बोलता झोप लागते, रात्री पुन्हा पुन्हा मोडते. विनोदावर खळखळून हसला की गुडघे वाकतात, हातातला कप पडतो. घरचे फिट समजतात, कुणी देवदेवस्की करतं, शाळेत आळशी म्हणून शिक्का बसतो. रोगाचं नाव कळायला पुष्कळांची वर्षं जातात.

ओरेक्सिनचा भुकेशीही संबंध आहे. उपाशी उंदीर जास्त जागा राहतो, हिंडतो, अन्न शोधतो. ओरेक्सिनच्या पेशी काढून टाकलेला उंदीर उपाशी असूनही तसा हिंडत नाही. उलट, रक्तातली साखर वाढली की या पेशी मंदावतात, असं उंदरांच्या मेंदूत दिसलं आहे. आपल्या वामकुक्षीत याचा वाटा असेलही. पण पुरणपोळीवर सगळा दोष टाकू नका, दुपारी शरीराचं घड्याळही थोडं खाली येतं.

या घड्याळाशी भांडण चालतं ते रात्रपाळीवाल्यांचं. चिरगाँवच्या अलीकडे पारीछ्याला बेतवेकाठी औष्णिक वीज केंद्र आहे. अशा ठिकाणी सकाळी सातला पाळी सुटलेला माणूस घरी येतो तेव्हा उजेड आणि घड्याळ मिळून त्याच्या ओरेक्सिनला जागं करत असतात. त्याला झोप येत नाही ती काही नखरे म्हणून नव्हे. जाड पडदे आणि बंद फोन त्याला पुष्कळ देऊन जातात.

‘मला चार तास पुरतात’ म्हणणारे खरंच असतात का? असतात, पण अगदी विरळा. २०१९ मध्ये एका बापलेकांत न्यूरोपेप्टाइड एस या दुसऱ्या जागवणाऱ्या पेप्टाइडच्या रिसेप्टरमध्ये बदल सापडला. दोघं चार-साडेपाच तासांत ताजेतवाने व्हायचे. बाकीचे बहुतेक फुशारकी मारणारे नुसते झोपेचे कर्जदार.

ओरेक्सिनला अडवणारी झोपेची पहिली गोळी अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाली. नार्कोलेप्सीला हवी ती उलटी, ओरेक्सिनसारखं काम करणारी. तशा एका औषधाची चाचणी यकृताला त्रास झाल्यामुळे थांबवावी लागली. दुसऱ्यांचं काम चालू आहे. तोवर जागं ठेवणारी जुनी औषधं आहेत, आणि ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी. वर्गातल्या एखाद्या मुलाला हा आजार निघाला, तर डब्याच्या सुट्टीत त्याला तेवढं पडू द्यायला शाळेला एक सतरंजी लागते.